लोणारची बैलगाडी

(रिसोडजवळचं एक खेडं. १९५७ सालचा हिवाळा. सोजरबाई ओसरीवर तुरी निवडत आहेत. त्यांची मुलगी प्रयाग अकोल्याला शिक्षिका आहे, सुट्टीत माहेरी आली आहे. मारोतराव तिचे काका.)

मारोतराव : मंग फुलचंदशेठची मोटरच सांगतो. बसलं का भुर्रकन लोणार!

सोजरबाई : मोटरीत मले मळमळते. वाशिमले गेली तवा वाटभर थांबवत नेली मोटर माया पायी.

प्रयाग : म्हणजे तू येणार! मोटर नको म्हणालीस, लोणार नको म्हणाली नाहीस.

सोजरबाई : शाळेत शिकवतं का कोर्टात भांडतं व तू?

प्रयाग : बैलगाडीनं जाऊ, माय. पहाटे निघायचं, रात्री मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी लोणार. तिथल्या झऱ्याच्या धारेवर आंघोळ आणि झाडाखाली गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे.

मारोतराव : रोडगे म्हटले का मी तयार! गोवऱ्या माया, वांगे माया वावरातले. तूप कोनाचं?

सोजरबाई : तूप माया घरचं. भाऊजी, रोडग्यासाठी तं तुमी लंकेले बी जासान.

मारोतराव : तिथं गोवऱ्या भेटतीन का, थे पाहा लागन पहिले.

प्रयाग : बाबा तुला समुद्र दाखवणार होते ना?

सोजरबाई : दरसाल. कापूस इकला का मुंबई, म्हनत. मंग म्हनत, एवढं दूर काहून जा लागते? लोणारचं पानी बी खारंच हाय, थोच आपला समुद्र. अन् थोबी राह्यला.

प्रयाग : म्हणून तर म्हणते, चल. वर्षश्राद्ध झालं, तरी तू उंबरठा ओलांडला नाहीस.

सोजरबाई : कशी नाई? विहिरीवर जातो ना.

प्रयाग : विहीर अंगणात आहे, माय.

मारोतराव : ठरलं तं मंग. फकत रिसोडच्या बाजारातून नाई जाऊ. पांदीनं वळसा घालू.

प्रयाग : पांदीत एवढाले खड्डे आहेत, काका. चांगला रस्ता सोडून कशाला?

मारोतराव : बैल अडतात बाजारात.

सोजरबाई : आमचे बैल? कदीपासून?

मारोतराव : जाऊ द्या ना, वयनी.

सोजरबाई : भाऊजी.

मारोतराव : थे गोविंदसिंगाचं हाटेल हाय ना चौकात, त्याच्यापुढं उभे राह्यतात. दादा थांबे तिथं दर बाजारी. सोता चहा पिये, अन् दोघायले एकेक गुळाचा खडा चारे. आता मी गाडी नेली तरी थांबतात. ओढा, हाका मारा, बिलकुल हालत नाईत. सारा बाजार हासते. गूळ चारला का मंग चालतात, नवरदेवावानी.

प्रयाग : गूळ कुठून आणायचे बाबा?

मारोतराव : घरून. बंडीच्या खिशात.

सोजरबाई : थांबा. माया भेलीचा? भेली कशी झिजते म्हून मी इतले वर्सं उंदरायले शिव्या देल्ल्या! मांजर पाळली!

मारोतराव : त्या मांजरीले दूध बी दादाच घाले.

प्रयाग : आणि मला मारलं होतंस एकदा, गुळासाठी.

सोजरबाई : तू बी खातच होती. अन् थे जेवता जेवता म्हनत कसे, "प्रयागची माय, उंदीर लय झाले बापा घरात!"

प्रयाग : माय, तू हसते आहेस.

सोजरबाई : हासू नाई तं काय करू? उंदीर केवढा होता पाह्य माया घरात!

मारोतराव : हासा, वयनी. पन तिथं बैल थांबले का तुमच्या जिवाले लागन. म्हून म्हनलं, पांदीनं जाऊ.

सोजरबाई : पांदीत माया तुपाचं भांडं सांडन. बाजारातूनच घ्या गाडी.

मारोतराव : अन् थांबले तं?

सोजरबाई : थांबू द्या. प्रयाग, फडताळातली भेली काढ. गूळ मी चारीन त्यायले.