शेवटची आठ पानं

— न्हाई ताई, त्या पायडलवर पाय ठिवू नका, मशीन बंद हाय. कवापासनं म्हंजी — बावीस वर्षं झाली. तसंच लिहा की. तुमच्या आजोबांच्या छापखान्याचा इतिहास लिहिताय, तर शेवटी एवढंच लिहा — मशीन मोडलं, छापखाना बंद पडला. समद्या तळेगावाला ठावं हाय.

सुरुवातीचं सांगतो. तुमचे आजोबा शंकरराव मास्तर आन् खुटबावचे कोंडिबा आबा, दोघंबी लई वाचलेली माणसं. आपल्या भागातल्या बोलीचा कोश करायचा म्हणून दोघांनी हे जुनं मशीन आणलं आन् मला, अयुबला, खिळे जुळवायला बसवलं. शिशाचे खिळे, एकेका अक्षराचे — किती होते? आठ पानांपुरते. आठ पानं जुळवायची, छापायची, फर्मा, म्हंजी ती बांधलेली जुळणी, सोडायचा, खिळे परत खणांत, मग पुढली आठ. असं एकोणीस वर्षं. हसताय काय, एकेका शब्दावर दोघं महिना महिना भांडायचे — मोटेच्या दोराला इथं काय म्हणत्यात आन् नदीपल्याड काय — चहा गार व्हायचा, मी आपला हातात खिळा धरून उभा. नियम एकच. भांडण मिटलं की हस्तलिखित आन् खाडाखोडीची प्रूफं बंबात घालायची, म्हंजी पुन्हा कुणी उकरून काढायला नको. मला लई आवडायचा तो नियम.

शेवटच्या आठ पानांवर मात्र अडलं. फर्मा जुळवून तयार, आन् आठ महिने तसाच बांधून पडलेला. मास्तर म्हणायचे दुरुस्त्या करा, आबा म्हणायचे एक अक्षर हलणार न्हाई. कागद समदे मास्तरांनी घरी नेलेले. त्यातच माझ्या सुहानाचं लगीन ठरलं. आता मला सांगा, छापखान्यातल्या माणसाच्या पोरीची पत्रिका बाहेर छापायची? खिळे तर फर्म्यात अडकलेले. म्हटलं, मास्तरांकडं प्रूफ हाय, पुन्हा जुळवू, पंधरा दिवसांचं काम — सोडला फर्मा. दोनशे पत्रिका छापल्या. छान झाल्या, दावू का? राहू द्या.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले, हसत. तेवढे हसताना मी त्यांना कवा बघितलं नव्हतं. म्हणाले, अयुब, आबाचंच खरं, समदे कागद बंबात घालून आलो, फर्मा हाय तसा छाप. तोंडातनं निघून गेलं — मास्तर, मशीन मोडलंय.

...तेल? कुठं — व्हय, ते वंगण. घालतो की दर शुक्रवारी. मोडक्या मशीनला कशाला म्हंजी... ताई, पाय काढा म्हटलं ना. फिरतंय. बघितलं, फिरतंय. झालं?

मास्तर त्याच उन्हाळ्यात गेले, दुरुस्तीची वाट बघत. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी ती आठ पानं पुन्हा लिहिली असती, तवा डोकं शाबूत होतं त्यांचं. रोज वाटायचं, उद्या खुटबावला जाऊन सांगू — वाटण्यातच गेलं. आता आबा पोटच्या लेकीला वळखत न्हाईत, मला वळखत्यात, आन् इचारत्यात, मशीन झालं का दुरुस्त. मी म्हणतो, पार्ट यायचाय. त्या कोपऱ्यात छापलेली पानं बांधून ठिवलीत, चारशे — त्याला कोश न्हाई म्हणत, शेवट नसलेली रद्दी ती. मला लाज वाटती, लई लाज वाटती, आन् त्यानं काय पानं परत येत न्हाईत.

लिहा काय लिहायचं ते. इथनं आबांकडंच चाललाय न्हाई का? जीप बाजारापाशी मिळंल. बसल्या बसल्या इचारतील ते तुम्हाला — पार्ट यायचाय म्हणा.

जावा आता.