वाळूला टेकतानाचा वेग

सरांच्या सहचारिणी सुमनअक्का, धुळ्या-जळगावहून आलेले सरांचे विद्यार्थी आणि या विहारात जमलेल्या बंधू-भगिनींनो,

एरवी सभेत मी गरजते. आज सोनवणे सरांच्या शोकसभेत, त्यांच्या फोटोसमोर उभी आहे, म्हणून फक्त त्यांचा एक धडा सांगते.

सर आम्हाला बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचे. मुक्तपतनाचा धडा शाळेच्या गच्चीवर सुरू व्हायचा. खाली बांधकामाची वाळू. सर गोळाफेकीचा गोळा अलगद सोडायचे. धप्प!

"वाळूला टेकताना वेग किती?"

"शून्य!" आम्ही ओरडायचो.

"शून्य? मग हा खड्डा काय तुझ्या मामानं पाडला?"

मग फूटपट्टीने खड्डा मोजायला लावायचे. म्हणायचे, "टेकताना वेग सर्वांत जास्त असतो, बाळांनो. पडण्याचा शेवटचा वेग, तोच थांबण्याच्या गणितातला सुरुवातीचा वेग. तिथून पुढे वाळू तो कमी करते."

बोर्डाच्या पेपरात मी तरीही शून्यच लिहिलं. आणखीही चुका केल्या. नापास झाले. आमचे नाना म्हणाले, "शिकनं बठ्ठं पुरे. आते तिनं लगीन करी टाकसू." पाहुणे यायचे ठरले.

त्याआधी सर आले. सायकलवर, भर उन्हात. ओट्यावर बसले.

"नाना, पोरीनं पेपरात केली तीच चूक तुम्ही करताय. पोर जमिनीला टेकली की तिचा वेग शून्य!"

"मास्तर, मले गणित शिकाडतस का?"

"शिकवतो की. फी नको, चहा पाजा."

नाना हसले. म्हणाले, "ऑक्टोबरलोंग थांबसू. मंग नही."

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झाले. आज जळगावच्या कॉलेजात तेच गणित शिकवते.

पोरींच्या डोक्यात विज्ञान शिरत नाही, असं म्हणणारे आजही आहेत. आपल्या वस्तीत आहेत, या सभेतही असतील. त्यांना मी विचारते, खड्डा मोजलात का? न मोजता शून्य लिहिणारे तुम्ही कोण? सरांनी कुणालाही न मोजता शून्य दिलं नाही. कुणालाही नाही!

माझे नाना समोर बसलेत. सकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तरना तो गोळा कोठे शे?" नाना, तो शाळेतून मागून आणलाय. फोटोपाशी, फुलांत ठेवलाय.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं स्तब्ध राहू या. पण बाळांनो, सरांचा वेग आज शून्य धरू नका. त्यांचा तो शेवटचा वेग, आपलं गणित तिथूनच सुरू होतं.