मधली सहा वर्षं

"हॅलो? … हॅलो, कोण? … अनुपमा? अगं बोल, बोल! मालनच बोलतेय… हो, मीच. शुभावहिनींनी गॅलरीतून हाक मारली तशी धावत आले. दम लागलाय, थांब जरा… हां. बोल आता. आलं का पत्र?"

त्या सोसायटीत फोन एकट्या शुभावहिनींकडे होता. समोरच्या चाळीतल्या मालनला तो वापरायची मुभा होती, कारण वहिनींच्या सासऱ्यांना रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन तीच देऊन जायची. आज रविवार. अर्धी थापलेली भाकरी परातीत टाकून ती आली होती, हाताला पीठ तसंच होतं. अनुपमा तिची लहानपणापासूनची मैत्रीण, आता आईसोबत दहिसरला राहायची. अंधेरीला, गल्फमध्ये माणसं पाठवणाऱ्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. मस्कतच्या हॉस्पिटलला नर्सेस हव्या आहेत ही खबर तिनेच आणली होती, आणि मालनचा बायोडेटा टाइप करून साहेबांच्या टेबलावरही तिनेच ठेवला होता.

"… नाही आलं? मग? इंटरव्ह्यूची तारीख पुढे गेली का? … अगं मग काय ते नीट सांग ना. अशी अडखळू नकोस… फोटो चालला नाही का? टोपी घातलेला हवा म्हणालीस, तर मी जुन्या हॉस्पिटलातल्या शकुची नर्सची टोपी मागून आणून पुन्हा काढला… फोटो नाही? मग? … नाव काढलं? कुणाचं नाव काढलं?"

"माझं?"

शुभावहिनी पेपर वाचत बसल्या होत्या. त्या हळूच उठल्या आणि आत गेल्या.

"… का पण? वयामुळे का? अगं छत्तिसावं चालू आहे, चाळिसापर्यंत चालतं असं तूच म्हणाली होतीस… मग? मधल्या सहा वर्षांमुळे? … पण ती मी कुठे लपवली गं? चांगलं स्वच्छ लिहिलं होतं तुला दिलेल्या कागदावर. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, म्हणून हॉस्पिटलची नोकरी सोडली, आणि त्या जाईपर्यंत घरी त्यांची शुश्रूषा केली… हो, हो, ऐकतेय. बोल… कुठलं नर्सिंग होम? … बोरिवलीचं? अगं, मी बोरिवलीला कधी काम केलं? … थांब. थांब, अनुपमा. पुन्हा सांग. कुणी लिहिलं ते?"

आणि मग अगदी हलक्या आवाजात, "तू?"

टेलिफोनशेजारच्या स्टुलावर ती बसली.

"… मला न विचारता? … रडू नकोस. अगं ऐक ना आधी, रडतेस काय! मी म्हटलं होतं ना तुला, टाइप केलेलं एकदा बघू दे. तर म्हणालीस, झकास झालंय, बघायचंय काय त्यात… म्हणाली होतीस! … हो गं, माहीत आहे मला, सगळेच लिहितात. आमच्या मजल्यावरचा सीताराम वेल्डर नव्हता, तरी वेल्डर म्हणून गेलाच की. पण त्याच्या वेळी कुणी फोन करून विचारलं नाही. माझ्या वेळी विचारलं… काय म्हणाली तिथली मेट्रन? … 'या नावाची बाई आमच्याकडे कधी नव्हतीच.' … बरोबरच बोलली ना ती. ती कशाला खोटं बोलेल?"

सहा वर्षं. दहा बाय बाराच्या खोलीत कॉटवर सासू, कॉटखाली मुलींची दप्तरं. नवरा, दशरथ, गिरणीत पाळीवर जायचा, आणि मालन म्हातारीला चमच्याने पेज भरवायची. उजवा हात गेलेला, म्हणून तिने तिला डाव्या हाताने कप धरायला शिकवलं. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा प्याली तेव्हा म्हातारी वाकड्या तोंडाने म्हणाली होती, "माझ्या आवशीनय माझा एवढा केल्यान नाय गो." सख्ख्या आईनेही केलं नाही, एवढं. हॉस्पिटलात एवढं काम मालनने कुणाचंच केलं नव्हतं. आणि बायोडेटात लिहायला बोरिवलीचं नर्सिंग होम लागलं.

"… नाही, आहे मी. आहे लाइनवर… अनुपमा, असं कर ना, मी आता नव्याने लिहून देते. जे खरं तेच. आज लिहिते, उद्या तुझ्या ऑफिसात आणून देते. तुझ्या साहेबांना मीच सांगते, चूक झाली म्हणून. पाया पडते हवं तर… काय? … शेरा मारला? कसला शेरा? … खोटी माहिती दिली म्हणून? … आणि बाकीच्या ऑफिसांनाही कळवतात? म्हणजे कुठूनच नाही? … कधीच नाही? … वाट लागली म्हण की सरळ."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मालन हाताचं पीठ पदराला पुसत होती. ते वाळून बोटांना घट्ट बसलं होतं.

"… नाही गं, चिडले नाही. चिडून जाऊ कुठे? … तुझी नोकरी तरी राहिली ना? … बरं. राहिली ना, मग झालं… इथे? इथल्या सगळ्या हॉस्पिटलांत जाऊन आले. विचारतात, सध्या कुठे आहात? घरी म्हटलं की कागद परत… मला एवढंच सांग, मी यांना काय सांगू? गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून हा माणूस हसला नव्हता. परवा पोरीचा शाळेचा नकाशा उघडून मस्कत शोधत बसले होते. म्हणतात, तू जा बिनधास्त, मी आहे ना. दोघींच्या वेण्या घालायला शिकलेत गं! रोज सकाळी बसतात घेऊन. आधी वाकड्या यायच्या, आता चांगल्या घालतात… त्यांना काय सांगू मी?"

डोळ्यांतलं पाणी तिने खांद्याला पुसलं. आतून शुभावहिनींनी मधेच नळ सोडला, आणि तो बराच वेळ सुरू ठेवला.

"… कोण ओरडतंय तिकडे? केमिस्ट? त्याच्या दुकानातून करतेयस का फोन? … टाक, टाक दुसरं नाणं… हां, येतोय आवाज. आणखी काय? … बोल ना, आता आणखी काय वाईट सांगणार आहेस? … आईचं? मावशींना काय झालं? … कधी पडल्या? … खुब्याचं हाड? अरे देवा. मला कळवलं नाहीस ते… आणि बाई ठेवली होतीस ना? … पळाली? … मग तू ऑफिसला जातेस तेव्हा कोण असतं? … एकट्या? दिवसभर?"

पुढचं मालनला न सांगताच कळलं. तरी तिने ते ऐकून घेतलं.

"… मी येऊन मावशींकडे बघायचं? … पैशांचं राहू दे आत्ता… हो, कळतंय मला, उपकार म्हणून मागत नाहीयेस… म्हणजे पुन्हा तेच… काही नाही, स्वतःशीच बोलले… किती दिवस? हाड या वयात लवकर सांधत नाही, तुलाही ठाऊक आहे. वर्ष जाईल, दोन जातील. मग मी कुणाच्या दारात जाऊन काय सांगू, ही दोन वर्षं कुठे होते म्हणून? … तसं नाही गं. तुझी आई, ती माझीही मावशी… मला आत्ता काही सुचत नाहीये, अनुपमा. खरंच सुचत नाहीये. यांच्याशी बोलते आणि कळवते… हो… हो… अच्छा. ठेवते मग."

रिसीव्हर कानापासून दूर गेला. तो खाली टेकवता टेकवता तिने पुन्हा उचलला.

"अनुपमा? … आहेस ना? … मावशींची पाठ बघितलीस का? … अगं पाठ, पाठ! एकाच कुशीवर पडून असतील ना त्या… लाल? कुठे, माकडहाडापाशी? … कधीपासून? … आणि कातडी? कातडी सोललीय का? … थोडी म्हणजे किती? … मग स्पिरिट लावू नकोस, आग होईल त्यांना. पावडरही टाकू नकोस. उकळून गार केलेल्या पाण्याने पूस, कोरडं कर, आणि कुशीवर वळव. पाय दुखावलाय त्या बाजूला नाही, दुसऱ्या. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी दे… जड आहेत तर शेजारणीला हाक मार. एकटी ओढू नकोस… अगं, मला कसलं थँक्यू म्हणतेस! केमिस्टकडे उभी काय राहिलीस? वर घरी जा आधी… हो. उद्या. पोरी शाळेत गेल्या की निघते… हो म्हटलं ना. येते. तू फोन ठेव आणि जा!"

तिने फोन ठेवला. शुभावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि भीत भीतच म्हणाल्या, "काय गं, लागलं का काम?"

मालन उठली, परातीतली भाकरी आठवून दाराकडे वळली.

"लागलं," ती म्हणाली. "दहिसरला."