पाहुण्याची परवानगी

आपल्याच घरात पाहुणा झोपवायचा, तर यांगूनमध्ये वॉर्ड कचेरीच्या पाया पडावं लागतं. ठ्वेमावशी त्याच रांगेत होती. तिच्यापुढे मायलेकी कुजबुजत होत्या.

“आई, तू साहेब हो. मी पटवून देते.”

“थिरी, मुकाट अर्ज दे गं.”

“घर आपलं, यांना का विचारायचं? आधी त्यांच्या कलाने घ्यायचं, मग हळूच प्रश्न टाकायचा. वर्गात शिकलेय मी.”

“बरं, झाले साहेब. बोल.”

“साहेब, सुरक्षेची काळजी मलाही आहे. पण तुमच्या घरचा पाहुणा कोणाला विचारून झोपतो?”

“वा! गोड बोलतेस पोरी. कोणी शिकवलं?”

“म्यो विन सरांनी.”

सरांचे वर्ग सरकारपासून लपून चालायचे. आईने तिचं तोंडच दाबलं. मग मागे वळली.

“मावशी, तुम्ही काही ऐकलंत?”

“मी नाही गं बाई. पण तुमच्यापुढचा माणूस रांग सोडून आत गेला.”