रायफलीच्या हवेचे मशीन नेल्याबाबत

दिनांक १३/११/२०२५, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे

मालनबाई ज्ञानोबा वडमारे, वय ४४ वर्षे, धंदा अंगणवाडी मदतनीस, राहणार भीमनगर, वडवणी, जिल्हा बीड.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून ठाण्यात आले असून महिला हवालदार सत्यभामा मॅडम यांच्यासमोर बसून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती ज्ञानोबा, वय ५०, आणि मुलगी यशोधरा, वय १६, असे तिघे राहतो. पतीचे बसस्टँडजवळ पंक्चर काढण्याचे व हवा भरण्याचे दुकान आहे. यशोधरा अकरावीला आहे. मुलगी नेमबाज आहे, दहा मीटर एअर रायफल खेळते. रायफलीची पावती आणि मुलीचे स्पर्धेचे कार्ड सोबत आणले आहे.

काल बुधवारी माझ्या पतीने तक्रार दिली की, दुकानातून रायफलीत हवा भरायचा कॉम्प्रेसर चोरीला गेला असून भंगारवाले शिवशंकर यांच्यावर संशय आहे. तो कॉम्प्रेसर शिवशंकर यांनी नेलेला नाही. मी नेला. का नेला असे मॅडमनी विचारले म्हणून सविस्तर सांगते.

यशोधरा आठवीत असताना शाळेची सहल कपिलधारला गेली होती. तेथे फुगे फोडायच्या गाड्यावर तिने वीस रुपयांत लागोपाठ सगळे फुगे फोडले. गाडीवाल्याने पैसे परत देऊन तिला पुढे जायला सांगितले. सोबत खेळाच्या शिक्षिका ज्योत्स्ना मॅडम होत्या. त्या बीडला एका हॉलमध्ये मुलामुलींना नेमबाजी शिकवतात. त्या पुढच्या रविवारी आमच्या घरी आल्या. नेम धरला की पोरीचा हात हलत नाही, असे त्या म्हणाल्या. पती म्हणाले, "माझ्यावर गेलीय." पतीच्या डाव्या हाताला तीनच बोटे आहेत.

दोन वर्षे ती मॅडमच्या रायफलीवर खेळली. जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा स्वतःची रायफल घ्यायचे ठरले. मी वहीच्या मागच्या पानावर बजेट मांडले. नवी रायफल अडीच लाखाच्या पुढे होती, ती आम्ही सोडून दिली. पुण्याच्या एका मुलीची जुनी रायफल एक लाख दहा हजाराला मिळाली. तिचे हवेचे नळकांडे अजून सहा वर्षे चालणार होते. दहा वर्षे झाली की ते बाद धरतात, हे मला ज्योत्स्ना मॅडमकडून कळले. जाड कापडाचे जाकीट आणि पँट बावीस हजार. छर्‍यांचे डबे, कागदाची निशाणे, जाण्यायेण्याचा खर्च. पैसे माझ्या भिशीतून, दुकानातून आणि चार शेळ्या विकून उभे केले. नांदूरघाटची माझी बहीण सरस्वतीबाई हिने पंधरा हजार दिले व परत मागणार नाही असे सांगितले. पानाच्या खाली बेरीज मारली. बेरीज जुळली.

त्यात हवेचा खर्च धरलेला नव्हता. मी पतीला विचारले होते. ते हसून म्हणाले, "हवा कावून इकत घ्यायची? आपलं दुकानच हवंचं हाय की."

रायफल आली त्या दिवशी पतीने ती दुकानात नेली. ज्योत्स्ना मॅडमनी फोनवर सांगितले की, हिला हवेचा दाब दोनशे बार लागतो. पतीला बार माहीत नाही, ते पौंडात बोलतात. त्यांनी यशोधराला हिशेब करायला सांगितला. दोनशे बार म्हणजे एकोणतीसशे पौंड निघाले. दुकानातले मशीन दीडशे पौंडाचे आहे. तीस वर्षे त्यांनी वडवणीतून जाणार्‍या सगळ्या गाड्यांना हवा भरली आहे. त्या संध्याकाळी ते जेवताना एकदाच म्हणाले, "लेकीला द्यायला माझ्याकडं हवाच न्हाई."

तेव्हापासून हवा बीडच्या हॉलमध्ये भरून आणायची, असे ठरले. नळकांडे रायफलीपासून वेगळे निघते. आठवड्यातून दोनदा मी ते साडीच्या पदरात गुंडाळून एसटीने न्यायची आणि भरून आणायची. बायकांना अर्धे तिकीट आहे म्हणून मीच जायचे. कंडक्टरने एकदा विचारले, काय आहे? मी म्हणाले, हवा आहे. त्याला ते खरे वाटले नाही. माझे हे जाणे आठ महिने चालले. मला त्याचा त्रास नव्हता. बसमध्ये खिडकीजवळ बसायला मिळायचे.

सरावाबाबत विचारल्यावरून सांगते की, आमच्या घरात दहा मीटर बसत नाहीत. पतीने टेप लावून बघितले. स्वयंपाकघरातल्या ओट्याला पाठ लावून उभे राहिले तर पुढच्या खोलीतून, दारातून, अंगण ओलांडून समोरच्या भिंतीपर्यंत दहा मीटर भरतात. भिंतीवर पतीने ट्रकच्या टायरचे रबर आणि त्यावर फळी ठोकली आहे. सहा ते आठ यशोधरा सराव करते. तेवढा वेळ पती अंगणाच्या फाटकाजवळ स्टूल टाकून बसतात व कोणाला आत सोडत नाहीत. मी सहाच्या आधी भाकरी करून घेते. शेजारचे पंडित एकदा म्हणाले होते, "ज्ञानोबा, आता पाहुण्यांनी यावं की न्हाई बे?" पती म्हणाले, "आठनंतर ये. जेवूनच जा." ते खरेच आले व जेवून गेले.

दिवाळी झाल्यावर पतीने मला न विचारता अठ्ठावीस हजाराचा कॉम्प्रेसर पुण्याहून मागवला. माझे बसचे हेलपाटे वाचावेत म्हणून मागवला, असे ते म्हणाले. ते खरे असावे. मशीन लहान आहे. मी ते अंगणवाडीच्या काट्यावर ठेवून बघितले, सतरा किलो भरले. ते तीनशे बारपर्यंत जाते. मी यशोधराच्या मोबाईलवर हिशेब केला. त्रेचाळीसशे पन्नास पौंड.

दिनांक ३ जून २०१४ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास मी डबा घेऊन दुकानावर गेले होते. पती ट्रकच्या टायरमध्ये हवा भरत होते. टायरवरची लोखंडी रिंग सुटली. त्यात त्यांची दोन बोटे गेली व डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले. रिंग नंतर समोरच्या हॉटेलच्या पत्र्यावर सापडली. त्या वेळी टायरमध्ये एकशे दहा पौंड होते. आकडा मला पाठ आहे, कारण काट्यावर तोच होता आणि मी बराच वेळ तिकडेच बघत होते. यशोधरा तेव्हा पाच वर्षांची होती व माझ्या कडेवर होती.

नवीन मशीन सुरू झाल्यावर मी पतीला तीन वेळा सांगितले की, हे आपल्याकडे नको. ते म्हणाले, "लई भारी मशीन हाय. आपोआप बंद व्हतंय." शनिवारी मी दुकानावर गेले तेव्हा यशोधरा मशीनवर वाकून काटा बघत होती. तिची वेणी मशीनवर लोंबत होती. दोनशे बारला आपोआप बंद व्हायला पाहिजे होते, पण काटा अडीचशेच्या पुढे गेला तरी मशीन बंद झाले नाही. पतीने हाताने बंद केले. ते हसले व म्हणाले की, बटण नीट बसवलेले नव्हते. यशोधराही हसली. मी घरी आले.

मंगळवारी दिनांक ११ रोजी पती उसाच्या ट्रॅक्टरचे टायर बघायला तेलगावला गेले होते. दीड वाजता अंगणवाडी सुटल्यावर मी दुकान उघडले, मशीन पोत्यात घातले, परत कुलूप लावले व ते न सांगता नेले. दोन गाड्या बदलून नांदूरघाटला बहिणीकडे गेले. मशीन तिच्या गव्हाच्या कोठीमागे ठेवले. बहिणीने विचारले तर शिलाई मशीन आहे असे सांगितले. तिचा यात काही संबंध नाही.

संध्याकाळी पतीने दुकान उघडले व मशीन नाही असे ओरडत घरी आले. त्या वेळी मी सांगायला पाहिजे होते. रविवारी संभाजीनगरला यशोधराची विभागाची स्पर्धा आहे. ती आत जाऊन रायफल पुसत बसली. पतीने ताट परत केले. मी ताट झाकून ठेवले.

काल बुधवारी पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा मी हजर होते. चहा मीच केला. शिवशंकर यांचे नाव पतीने घेतले, कारण ते सोमवारी दुकानावर जुने लोखंड विचारायला आले होते. नाव घेतले तेव्हा बसस्टँडवरची दहा-बारा माणसे ऐकत होती. मी कपबशा गोळा केल्या.

आज सकाळी साडेनऊला शिवशंकर यांच्या घरच्या बायनाबाई त्यांची नात आरोही हिला अंगणवाडीत सोडायला आल्या. आरोहीचे वजन कमी आहे म्हणून मी तिला रोज एक लाडू जास्त देते. बायनाबाई मला म्हणाल्या, "मालनबाई, आमच्या मानसाला ठेसनात बलिवलंय. त्यांनी कुनाची सुई बी उचलली न्हाई वो. तुमी सायबाला जरा सांगा. तुमच्या घरचंच काम हाय, तुमचं आयकतील." त्या माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांचे हात धरले.

मी सेविका बाईंना सांगून तशीच निघाले. नांदूरघाटहून मशीन घेतले व तीन वाजून दहा मिनिटांनी ठाण्याच्या फाटकातून आत आले. शिवशंकर बाहेर बाकावर बसले होते. मला पोत्यासहित येताना बघून ते उठले, पुढे आले आणि पोते माझ्या हातातून घेतले. म्हणाले, "जड हाय की वो वहिनी. कुटं ठिवू?" पोत्यात काय आहे हे त्यांना माहीत नव्हते. मी त्यांना तेथेच सांगितले. त्यांनी पोते खाली ठेवले. मग म्हणाले, "बायनाला तेवढं फोन करून सांगा. ती जेवली नसंल."

मी फोन केला. त्यानंतर मॅडमनी माझ्या पतीला बोलावून घेतले. ते यशोधराला घेऊन आले. आमच्यात जे बोलणे झाले ते मॅडमच्या समोर झाले. पती म्हणाले, "तू नेलंस? मला कावून सांगितलं न्हाईस?"

मी म्हणाले, "तीनदा सांगितलं. तुमी डावा कान पुढं केला."

ते म्हणाले, "मालन, हे टायर न्हाई. ह्यात रिंग नसती."

मी म्हणाले, "मला रिंग दिसती. मशीन लावलं की दिसती. आता तिथं पोरीचं तोंड असतंय."

पती खाली बसले. आपली तीन बोटे दुसर्‍या हाताने दाबत राहिले. आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. रिंग सुटली त्या दिवसाबद्दल आम्ही आजपर्यंत कधी बोललो नव्हतो. यशोधरा माझ्याजवळ आली व म्हणाली, "आई, हवेसाठी मी बीडला जाईन. तू रडू नको." मी रडत नव्हते. मॅडमनी पाणी दिले.

आता पुढे काय करणार असे विचारल्यावरून सांगते की, आज बसमधून मी ज्योत्स्ना मॅडमना फोन केला. मशीन त्यांच्या हॉलवर देणार आहे. तेथे वेगळी खोली आहे, मशीनला जाळीचा पिंजरा आहे व जाणकार माणूस आहे. तेथे सगळ्या मुलांना त्याचा उपयोग होईल. त्या बदल्यात ज्योत्स्ना मॅडम एक हातपंप देत आहेत, तो रायफलीत हवा भरायचाच असतो. दाब त्यालाही तेवढाच येतो, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे. तरी मी हो म्हणाले. तो पंप मी मारणार आहे. माझा हात थांबला की तो थांबतो. एका वेळेला शंभर-सव्वाशे दट्टे मारावे लागतात, मध्ये थांबून तो गार होऊ द्यावा लागतो. मला चालेल. अंगणवाडीत मी पन्नास लेकरांचे पाणी हापशावर भरते.

पती म्हणाले की, अर्धे दट्टे ते मारतील. मी म्हणाले, "बघू."

यानंतर पती उठून बाहेर गेले. शिवशंकर यांना म्हणाले, "चल बे, ष्टँडवर. जिथं तुझं नाव घेतलं तिथंच उभं राहून सांगतो, माझं चुकलं म्हून." शिवशंकर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ज्ञानोबाभाऊ." पतीने ऐकले नाही. ते त्यांचा हात धरून घेऊन गेले. हा जबाब लिहीपर्यंत दोघे परत आलेले नाहीत. पंडित यांचा फोन आला होता की, ज्ञानोबा हॉटेलासमोर उभे राहून मोठ्याने बोलत आहेत व बरीच माणसे जमली आहेत. ते एका कानाने ऐकत असल्यामुळे त्यांचा आवाज तसा मोठाच असतो.

शिवशंकर यांच्याविरुद्ध आमची आता काही तक्रार नाही. त्यांची आजची मजुरी बुडाली, ती आम्ही देऊ. ते घेणार नाहीत असे वाटते, म्हणून मी बायनाबाईंकडे देईन. माझ्या हातून काही गुन्हा झाला असल्यास तो माझ्या एकटीवर धरावा. रविवारी सकाळी सहाच्या गाडीने मला मुलीसोबत स्पर्धेला जायचे आहे, तेवढी परवानगी असावी.

मॅडमनी हा जबाब संगणकावर घेऊन मला दोनदा वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे. दोन ठिकाणी मी दुरुस्ती करून घेतली. एके ठिकाणी "चोरून नेले" असे आले होते, तेथे "न सांगता नेले" असे केले. दुसर्‍या ठिकाणी "मुलगी बंदूक चालवते" असे आले होते. तेथे "मुलगी नेमबाज आहे" असे लिहायला सांगितले, ते मॅडमनी लिहिले. म्हणून सही केली.

(सही)
मालनबाई ज्ञानोबा वडमारे

समक्ष: सत्यभामा, महिला पोलीस हवालदार