खिंडीतलं जाळं

माझ्या बाकीच्या गोष्टी सोडा राव, ही मात्र खरी आहे. चाकणच्या माळावर कंपनीची भिंत नुकतीच उभी राहिली होती. लग्नानंतर सासरे पहिल्यांदाच मुक्कामाला आले, म्हणून मी छाती फुगवून म्हणालो, "मामा, आज सशाचं मटण!"

सकाळीच खिंडीत जाळं बांधलं. माळावर आरडाओरडा करत हाका घातला की ससे खिंडीतून पलीकडच्या झुडपांत शिरतात, हे आमचं पिढ्यांचं गणित. पण ती झुडपं आता भिंतीआड गेली होती. ससे खिंडीकडे वळलेच नाहीत, ओढ्याच्या अंगानं पसार झाले. आणि रोज सकाळी त्याच झुडपांत बसणारं गाव हल्ली खिंडीत बसायला लागलं होतं, हे बढाईच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नाही.

जाळं जोरात हललं. "घावला, घावला!" करत वीसेक गडी काठ्या घेऊन धावले.

आत सासरे. एका हातात टमरेल, दुसऱ्या हातात सुटलेलं धोतर. आमच्या आरडाओरड्यानं अर्ध्यातून उठून पळाले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून मी गाठ सोडायला वाकलो, तसे ते हळूच म्हणाले, "गाठ राहू द्या, जावईबापू. आधी ह्या समद्यांना पाठ फिरवायला सांगा."