ॲपमधली खारुताई

अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात दामिनी मांडीवरच्या लेकीला थोपटत नंबराची वाट पाहत होती. शेजारी दोघीजणी बोलत होत्या. तिचे कान आपसूक तिकडे गेले.

"रागिणी, तुयं पोट्टं बोलते का वं आता?"

"त्या शिकायच्या ॲपमंधल्या खारुताईमांगं एकेक शब्द म्हने. पन ॲपवाल्यायनं सारंच बदललं. खारुताईच काढून टाकली."

"काहून?"

"त्यायलेच माईत! पोट्टं रडून रडून चूप झालं. मंग मीच खारुताईचा आवाज काढून पाह्यला."

"मंग बोललं?"

"बोललं ना. 'आई, तुले खारुताईसारखं बोलताच येत नाई' म्हने."

"घ्या! तुलेच नावं ठेवली!"

"ठेवू दे वं. एवढं लांबलचक पैल्यांदाच बोललं ते."